चार वर्षांची मुदत : बाबासाहेबांचा प्रबंध आणि समाजकार्य

दरवर्षी एप्रिल महिना आला की आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी भीमजयंतीसाठी गावी येतात आणि त्यांतील काही जण शिक्षकांना भेटावयास आवर्जून शाळेत डोकावतात. गेली काही वर्षे त्यांच्या बोलण्यात एकच अडचण पुनःपुन्हा येते. कोणी पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला असतो, कोणी पीएच.डी.चे काम करीत असते. प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी वस्तीतील रात्रीचा अभ्यासवर्ग, जयंती मंडळाचा जमाखर्च, लहान मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, धम्म शिबिराची तयारी ही कामेही त्यांच्याच अंगावर असतात. प्रबंधाला बसावे तर समाजाला विसरल्याचा बोल लागतो. समाजाच्या कामाला जावे तर मार्गदर्शक प्राध्यापकांपुढे रिकाम्या हाताने उभे राहावे लागते. माझ्या एका विद्यार्थ्याने या ओढाताणीत विद्यापीठाची मुदत हुकविली. ते सांगताना त्याची मान खाली गेली होती, आणि ती मला आजही विसरता येत नाही.

अशा मुलांना मी परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनातील १९१७ ते १९२३ या काळाची हकीकत सांगतो. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा तीच लिहून काढावी असे वाटले. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या घराघरांत भिंतीवर लावलेली असते. त्या यादीतील डी.एस्सी. ही अक्षरे कोणत्या परिस्थितीत मिळाली, त्यासाठी काय बाजूला ठेवावे लागले आणि कोणी काय सोसले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून १९१६ मध्ये ते लंडनला आले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांचे नाव दाखल झाले. अभ्यास मार्गी लागतो न लागतो तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोदा संस्थानाकडून परत येण्याची सूचना आली. करारानुसार संस्थानाची नोकरी करणे त्यांना भाग होते. अशा प्रसंगी सामान्य विद्यार्थी हताश होऊन बोटीत बसला असता. बाबासाहेबांनी परतण्यापूर्वी एक काम केले. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अपुरा अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली. ही चार वर्षांची मुदतच पुढच्या सर्व हकीकतीचा कणा आहे.

तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान व जिवापाड जपलेली पुस्तके ज्या बोटीवर चढविली होती, ती बोट जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. ते स्वतः दुसऱ्या बोटीने येत असल्यामुळे वाचले आणि ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईस पोहोचले. बुडालेल्या सामानापोटी जी भरपाई मिळाली, तिच्यातून बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला. बडोद्यात काय घडले हे आपणांस ठाऊकच आहे. कचेरीतील शिपाईही कागद हाती न देता दुरून टाकीत. राहण्यासाठी गाठलेल्या पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. कोलंबियात प्रबंध लिहिलेल्या या विद्वानाला त्या शहरात डोके टेकण्यास जागा मिळाली नाही. ते मुंबईस परतले. मुदतीच्या चार वर्षांतील पहिले वर्ष शिकवण्या व किरकोळ कामे यांतच सरले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा साडेचारशे रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. परंतु परळच्या चाळीतील बिऱ्हाड त्यांनी सोडले नाही. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम माता रमाईंच्या हाती द्यावयाची आणि उरलेली लंडनसाठी शिल्लक टाकावयाची, असा त्यांचा नेम होता. परतीची वाट त्यांनी एक दिवसही नजरेआड होऊ दिली नाही.

मात्र समाजाचे प्रश्न त्यांच्या मुदतीसाठी थांबणार नव्हते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या अनुषंगाने मताधिकाराचा विचार करण्यासाठी साउथबरो समिती भारतात आली, आणि २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी तिच्यापुढे साक्ष देऊन अस्पृश्यांचा मताधिकार व त्यांचे स्वतंत्र प्रतिनिधित्व यांची मागणी मांडली. एक वर्षाने, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. बाबासाहेब सरकारी महाविद्यालयात नोकरीस असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव छापले गेले, तरी आरंभीच्या अंकांतील अग्रलेख बाबासाहेबांच्याच लेखणीतून उतरले. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्या परिषदेस स्वतः उपस्थित राहून शाहू महाराजांनी, तुम्हाला तुमचा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली आणि तेथेही बाबासाहेबांचे नेतृत्व सर्वांच्या नजरेत भरले.

वाचकांनी या टप्प्यावर क्षणभर थांबून विचार करावा. पाक्षिक नुकतेच चालू झाले आहे. समाजाला प्रथमच आपल्यातला, आपल्या भाषेत बोलणारा आणि जगातील विद्येने संपन्न असा पुढारी मिळाला आहे. राजाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आहे. कोणताही महत्त्वाकांक्षी माणूस अशा वेळी गावोगावी सभा घेत फिरला असता, आणि समाजाने त्याला डोक्यावर घेतले असते. बाबासाहेबांनी मार्चमध्येच प्राध्यापकाची नोकरी सोडली होती. नागपूरची परिषद आटोपून जेमतेम एक महिना होतो तोच, जुलै १९२० च्या आरंभी, ते लंडनच्या बोटीत बसले.

त्या वेळी त्यांच्याजवळ स्वतःची शिल्लक होती, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्जाऊ घेतलेले पाच हजार रुपये होते आणि शाहू महाराजांनी केलेली मदत होती. विद्यापीठाने दिलेल्या मुदतीपैकी सव्वा वर्ष तेवढे उरले होते. हा निर्णय त्यांना सोपा गेला असेल असे मला वाटत नाही. 'मूकनायक'ची जबाबदारी त्यांना सहकाऱ्यांवर सोपवावी लागली. लंडनहून पत्रे पाठवून ते कारभारावर लक्ष ठेवण्याचा प्रयत्न करीत राहिले. पण हजारो मैलांवरून पाक्षिक चालत नसते. पुढे कार्यकर्त्यांत मतभेद झाले, पैशाची चणचण भासू लागली आणि ते पत्र टिकू शकले नाही. आपल्या हाताने लावलेले रोप आपल्या पश्चात वाळताना त्यांना दुरून पाहावे लागले. प्रबंधाची ही एक किंमत होती, आणि ती समाजकार्याने मोजली. हे सत्य झाकून ठेवण्याचे आपणांस कारण नाही.

सप्टेंबर १९२० मध्ये अभ्यास पुन्हा सुरू झाला. त्या काळातील त्यांच्या दिनचर्येचे वर्णन सर्व चरित्रकारांनी केले आहे. पोटाला पुरेसे नाही आणि झोपेला वेळ नाही, अशीच ती दिनचर्या होती. सकाळी पावाचा तुकडा व चहा घेऊन बाहेर पडावयाचे, ब्रिटिश म्युझियमचे दार उघडण्याच्या वेळी तेथे हजर राहावयाचे आणि वाचनालय बंद होईपर्यंत जागा सोडावयाची नाही. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय आणि विद्यापीठाचे ग्रंथालय ही त्यांची इतर ठाणी होती. वाहनाचे भाडे वाचविण्यासाठी ते पायी चालत. रात्री खोलीवर परतल्यावर पुन्हा पुस्तके उघडली जात. सोबत राहणारा मित्र मध्यरात्री जागा होई तेव्हा बाबासाहेब वाचीत बसलेले दिसत. १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात राहिले, ते १० किंग हेन्रीज रोड येथील घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आता तेथे स्मारक झाले आहे.

जून १९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. त्यासाठीचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण या विषयावर होता. आता उरला होता डी.एस्सी.चा प्रबंध. त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न.

हा विषय समजून घेतल्याशिवाय पुढील प्रसंगाचे मर्म कळणार नाही. पूर्वी कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. १८७० नंतर जगात चांदीचा भाव घसरत गेला आणि त्याबरोबर सोन्याच्या चलनाच्या तुलनेत रुपयाही घसरला. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असा राखण्यात आला आणि त्यातून सुवर्ण विनिमय पद्धती उभी राहिली. देशात चांदीचा रुपया चालावयाचा आणि परदेशी व्यवहारासाठी सरकारने ठरावीक दराने लंडनवरील हुंड्या विकून त्याचा दर सांभाळावयाचा, असे तिचे स्वरूप होते. केन्ससारख्या विख्यात अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीची भलामण केली होती. तिशीतल्या बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. या पद्धतीत रुपये किती काढावयाचे हे सरकारच्या मर्जीवर राहते. रुपये वाढले की त्यांची क्रयशक्ती घटते, महागाई होते आणि तिचा मार गोरगरिबांना बसतो, असे त्यांनी आकडेवारीनिशी दाखविले. रुपये पाडणे कायमचे बंद करून त्यांच्या संख्येला निश्चित मर्यादा घालावी आणि सोन्याचे नाणे चालू करावे, असा उपाय त्यांनी सुचविला.

नियतीचा खेळ असा की, ज्या प्रश्नावर ते लिहीत होते त्याची झळ त्यांना स्वतःलाही बसत होती. १९२० साली सरकारने रुपयाचा दर दोन शिलिंग ठरविला. तो टिकला नाही आणि १९२१ मध्ये रुपया एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली गेला. मुंबईत काटकसर करून साठविलेल्या प्रत्येक रुपयाचे लंडनमध्ये कमी पैसे येऊ लागले. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंडांचे कर्ज मागितले आणि परतल्यावर ते व्याजासह फेडण्याची हमी दिली. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले. समाजाचा आणि स्वतःचा आधारस्तंभ कोसळल्याचे दुःख त्यांना परक्या देशात, एकट्याने गिळावे लागले.

मग लंडनच्या त्या वर्षांत त्यांनी समाजकार्य पूर्णपणे सोडून दिले होते काय? तसे नाही. तेथे राहून जे करता येण्यासारखे होते ते त्यांनी केले. भारतमंत्री माँटेग्यू यांची भेट घेऊन त्यांनी अस्पृश्यांची गाऱ्हाणी त्यांच्या कानावर घातली. विद्यार्थ्यांच्या सभेत भारतातील जबाबदार राज्यपद्धतीच्या कर्तव्यांवर निबंध वाचला, तेव्हा त्यातील विचारांनी प्राध्यापक वर्गातही खळबळ उडाली. ही कामे मोजकी होती आणि ती लंडनमध्ये असलेल्या बाबासाहेबांनाच शक्य होती. इतर कामांसाठी त्यांनी सहकाऱ्यांवर विश्वास टाकला. तो कधी फळला, कधी फळला नाही.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध विद्यापीठाला सादर झाला. त्यानंतर उच्च अध्ययनासाठी ते काही काळ जर्मनीतील बॉन येथे गेले, अशी नोंद चरित्रकार करतात. मार्च १९२३ मध्ये त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्यांना तातडीने लंडनला बोलावून घेतले. ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणावर प्रबंधात केलेली कठोर टीका परीक्षकांना रुचली नव्हती. निष्कर्ष कायम ठेवून मांडणी सौम्य करावी व प्रबंध पुन्हा लिहून द्यावा, असे त्यांना सुचविण्यात आले.

तेव्हा त्यांच्याजवळचे पैसे संपत आले होते. लंडनमध्ये राहून पुनर्लेखन करणे शक्य नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते पदवी न घेताच मुंबईस परतले. ज्या मुलाच्या परतीकडे सारा समाज डोळे लावून बसला होता तो प्रबंधाचे कागद बगलेत घेऊन परळच्या चाळीत आला आणि पुन्हा लिहावयास बसला. भाषेला त्यांनी मुरड घातली. निष्कर्ष जागचे हलविले नाहीत. सुधारलेला प्रबंध लंडनला रवाना झाला, विद्यापीठाने तो स्वीकारला आणि १९२३ च्या अखेरीस त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली. लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनसंस्थेने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रस्तावना कॅनन यांनीच लिहिली. शिष्याची अनेक मते आपणांस मान्य नसल्याचे त्यांनी तीत मोकळेपणाने सांगितले आणि त्याच्या विचारांतील ताजेपणाचे कौतुकही केले. ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या माता-पित्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

या यशाचा दुसरा वाटेकरी परळच्या चाळीत होता. बाबासाहेब परदेशी असताना माता रमाईंनी अपुऱ्या पैशांत संसार ओढला आणि त्याची तक्रार लंडनपर्यंत फारशी पोहोचू दिली नाही. त्यांच्या मुलांपैकी यशवंतराव तेवढे जगले. बाकीची बालपणीच गेली. १९३५ साली रमाई गेल्या. पुढे १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्यासोबत त्यांनी सोसलेल्या हालअपेष्टांची कृतज्ञतेने नोंद केली. जो विद्यार्थी प्रबंध लिहितो त्याच्या घरी कोणीतरी त्याच्या वाट्याचे काम उपसत असते. आपल्या मुलांनी हे विसरू नये.

समाजाला सोडून बाबासाहेब लंडनला गेले, ते योग्य केले काय, याचे उत्तर पुढील काही वर्षांच्या इतिहासात सापडते. जुलै १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. या सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढणे हे एक होते, आणि १९२५ च्या आरंभी सोलापूरला ते सुरूही झाले. वाचनालयाची पहाट म्युझियमच्या दारात उभे राहून पाहिलेल्या माणसाने परतल्यावर मुलांसाठी अभ्यासाची जागा उभारली. आपल्या शाळेसारख्या निवासी शाळांचे मूळ मला तेथे दिसते.

डिसेंबर १९२५ मध्ये भारतीय चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. साउथबरो समितीपुढे ते अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून उभे होते. येथे ते साऱ्या देशाच्या चलनाविषयी बोलत होते, आणि येथेही कष्टकऱ्याच्या मजुरीची किंमत घटू नये हाच त्यांचा ध्यास होता. रिझर्व्ह बँक त्यांच्या ग्रंथातूनच जन्मली असे आपल्याकडे भाषणांत सांगितले जाते. १९३५ मध्ये सुरू झालेल्या त्या बँकेमागे अनेक आयोग, कायदे व चर्चा होत्या. त्या चर्चेत बाबासाहेबांनी अधिकारवाणीने भाग घेतला, हे सत्यच पुरेसे गौरवास्पद आहे. त्याला अतिशयोक्तीची जोड देण्याची गरज नाही.

कोलंबियाच्या पीएच.डी.चा प्रबंधही असाच अनेक वर्षे रेंगाळला होता. तो १९२५ मध्ये ग्रंथरूपाने छापला गेला आणि १९२७ साली त्यांना रीतसर पदवी मिळाली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि डिसेंबरमध्ये मनुस्मृतीचे दहन झाले. त्या वर्षापर्यंत बाबासाहेबांच्या हाती विद्या आणि संघर्ष दोन्ही एकवटले होते. पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी आपणांस धम्माचा मार्ग दिला.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना या हकीकतीतून मी दोन-तीन गोष्टी दाखवितो. बाबासाहेबांनी १९१७ मध्ये परतताना मुदत लेखी मागून घेतली होती. तुम्हीही आपल्या विद्यापीठाची तारीख आणि अडचण वेळेवर, लेखी मांडा. त्यांनी आपल्यावाचून अडणारी मोजकी कामे स्वतःकडे ठेवली आणि बाकीची दुसऱ्यांच्या हाती दिली. तुमच्याशिवाय जयंतीचा मंडप उभा राहू शकतो, तुमचा प्रबंध मात्र दुसरा कोणी लिहू शकत नाही. आणि काम सोपविल्यावर ते विस्कटले, तर त्याचे दुःख होईल हेही मनाशी धरून ठेवा; तसे दुःख बाबासाहेबांनाही चुकले नाही.

समाजातील वडीलधाऱ्यांनाही माझी एक विनंती आहे. आपला मुलगा वा मुलगी परीक्षेच्या, प्रबंधाच्या काळात सभेला आली नाही, तर तिला बोल लावू नये. वर्गणीची पावती-पुस्तके त्या सहा महिन्यांपुरती दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावीत. १९२० साली समाजाने आपल्या पुढाऱ्याला बोटीत बसू दिले, त्याची तीन वर्षे वाट पाहिली. त्या वाट पाहण्याचे फळ आपण आजही खात आहोत.

मुदत हुकलेल्या ज्या विद्यार्थ्याचा मी आरंभी उल्लेख केला, त्याने विद्यापीठाकडे अर्ज करून मुदतवाढ मिळविली आहे. त्याचा रात्रीचा वर्ग सध्या आपल्याच शाळेच्या दोन माजी विद्यार्थिनी चालवीत आहेत. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तो प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणावर बसलेला असेल.

ज्ञानासाठी उपाशी राहिलेल्या आणि ते ज्ञान समाजाच्या पदरात टाकणाऱ्या या महामानवास, तसेच त्यांच्या पाठीशी निमूटपणे उभ्या राहिलेल्या माता रमाईंस विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!